मामा, हलू नका!

परवा पुण्याचा भाचा पाथरीला आला. गळ्यात कॅमेरा. कॅमेऱ्याचं वय भाच्याच्या दुप्पट.

"मामा, हलू नका," म्हणाला. मी हललो नाही. तो लेन्सची कडी फिरवतोय, डोळा बारीक करतोय, पुन्हा कडी. दोन मिनिटांनी खटाक! मी सवयीनं हात पुढं केला, "दाव."

"आता नाही दिसणार. रोल पुण्याला धुवायला टाकीन. महिनाभर लागेल."

हे वाक्य मी १९८५ साली ऐकलं होतं. तेव्हा त्याला गैरसोय म्हणत. आता छंद म्हणतात.

छंदाचा हिशोब ऐका. छत्तीस फोटोंचा रंगीत रोल हजार रुपयांच्या आगेमागे. धुणावळ वेगळी, स्कॅनिंग वेगळं. स्कॅन झालेला फोटो कुठं येतो? मोबाइलवर! मोबाइलवरून इन्स्टाग्रामवर. म्हणजे पाथरीहून सेलूला जायचं, पण व्हाया नांदेड. वर तिकीट दाखवून मिरवायचं.

ज्यांना तेवढाही खर्च नको, त्यांच्यासाठी अॅप आहेत. चांगल्या फोटोवर दाणे, ओरखडे आणि कोपऱ्यात तांबूस डाग पाडून देतात. आमच्या वेळी असे डाग पडले की फोटोवाल्याचे पैसे कापत.

भाच्याला डार्करूम 'रोमँटिक' वाटते. कामून बाबा? डेव्हलपर वीस अंशांवर हवा, असं पुस्तकात लिहिलेलं. मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात. बाटल्या माठाच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, बर्फ शोधत हिंडायचं, हायपोचा वास घेत बनियनवर घाम गाळायचा. मराठवाड्यात अंधाराची टंचाई कधीच नव्हती, वीज मंडळाची कृपा. पण एन्लार्जरच्या दिव्याला वीज लागायची. तेवढी नेमकी नसायची.

आणि ती 'प्रत्येक फोटो विचार करून काढण्याची शिस्त'? लग्नात दोन रोल ठरलेले, वऱ्हाड पाचशेचं. प्रत्येक आत्याबाईंना स्टेजवर फोटो हवा. फोटोवाला विचार करायचा, हे खरं. विचार करून नुसता फ्लॅश मारायचा. अर्ध्या वऱ्हाडानं केस सारखे केले, पदर नीट घेतला, हसू आणलं आणि अल्बममध्ये कधी उगवलंच नाही. ती माणसं अजून विचारतात.

तसं छंदाचं अर्थशास्त्रही मजेदार. कोडॅकच्याच एका इंजिनिअरनं, स्टीव्ह सॅसननं, १९७५ साली डिजिटल कॅमेरा बनवला. एक फोटो साठवायला तेवीस सेकंद. रोल विकणाऱ्या कंपनीला बिनरोलाचं यंत्र कसं रुचणार? २०१२ साली कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. आज कोडॅकच्याच नावाचे रोल पोरं रांगा लावून घेतात. आणि २०२४ साली पेंटॅक्सनं रोलचा नवाकोरा कॅमेरा बाजारात आणला. मेलेल्याच्या तेराव्याला बारसं!

आपणही मागं नव्हतो. उटीला १९६० पासून सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स होती, 'इंदू' नावानं फिल्म निघायची. कारखाना बंद पडला. आता हौस देशी, रोल परदेशी.

आणखी एक गंमत. फिल्मवरचा थर जिलेटिनचा. जिलेटिन बनतं जनावरांच्या हाडाकातड्यांपासून. कांदासुद्धा न चालणाऱ्या घरांत सोवळ्यातल्या मुंजीचे फोटो यावरच निघाले. बटूला सांगू नका, आता तो साठीचा आहे.

मग सगळा रिकामा उद्योगच का?

इथं पाथरीकराची जरा पंचाईत होते. साईबाबांच्या जन्मस्थानाचं प्रकरण आठवतंय ना? जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी बाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीसाठी शंभर कोटींची घोषणा केली, शिर्डीनं बंद पाळला, दोन्ही गावं हातघाईवर आली. जन्म कुठला, यावर रण पेटलं. चेहऱ्यावर मात्र कुणाचाच वाद नाही. कारण बाबांनी १९१८ च्या दसऱ्याला देह ठेवला, त्याआधी कुणीतरी मोजकेच का होईना, कृष्णधवल फोटो काढून ठेवले होते. जन्माचा कागद कुणी केला नाही, फोटो तेवढा केला.

माझ्या मोबाइलमध्ये अकरा हजार फोटो आहेत. त्यात सहाशे 'शुभ सकाळ'. गेल्या वर्षी गेलेल्या थोरल्या बहिणीचा एक धड फोटो शोधायला संध्याकाळ गेली. शेवटी सापडला तो भिंतीवर. रोलवर काढलेला, काळापांढरा, स्टुडिओतल्या रंगवलेल्या ताजमहालापुढं.

हे भाच्याला सांगितलं नाही. आधीच हवेत आहे.

पण तो गेल्यावर माळा उपसला. काकांचा आग्फा क्लिक थ्री सापडला, बडोद्यात बनलेला, बारा फोटोंचा. आत रोल तसाच आहे. मागच्या लाल काचेतून सातचा आकडा दिसतोय. काका जाऊन तेवीस वर्षं झाली.

पाथरीत आता रोल धुणारं कुणी नाही. पुण्याला पाठवलाय. महिनाभर लागेल म्हणतात.