सहावी बाजू कुणाची?

सोसायटीला २५ वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि मुखपृष्ठ माझ्या गळ्यात पडलं. माझी पात्रता एवढीच, की पाणीकपातीची नोटीस मी एकदा नक्षीदार बॉर्डर टाकून लावली होती.

"मागे काहीतरी भौमितिक टाका," सेक्रेटरी म्हणाले. "आपल्या पाच विंग, म्हणून पंचकोन. पानभर, एकमेकांना चिकटून."

घरी येऊन गिम्प उघडलं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं; स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते लिहायला घेतलं. चौकोन आणि गोल समोरच मांडून ठेवलेत. पंचकोन मात्र फिल्टरांच्या यादीत, 'जीफिग' नावाच्या एका कप्प्याच्या पोटात सापडला, तोवर जेवण गार झालं होतं.

आणि सापडून उपयोग काय? पंचकोनाचा एक कोन १०८ अंशांचा. एका बिंदूभोवती तीन बसवले की ३२४ होतात. उरलेल्या ३६ अंशांत चौथा शिरत नाही. सेक्रेटरींना फोन केला.

"थोडे दाबून बसवा ना."

तीस वर्षं लोकलने गेलेल्या माणसाला कुठलीच जागा भरलेली वाटत नाही.

सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे ठेवून एकाच आकाराने फरशी भरायची, तर तीनच आकार चालतात: त्रिकोण, चौकोन, षट्कोन. मी षट्कोन सुचवला. "सहावी बाजू कुणाची?" क्लबहाऊसची, म्हटलं. "ते बिल्डरनं दिलंय कुठं?" शेवटी वॉचमनच्या केबिनवर तडजोड झाली.

षट्कोन २०० पिक्सेल रुंद घेतला. उंची भरली १७३.२. शेजारचा निम्म्याने खाली सरकवायचा, म्हणजे ८६.६, आणि पिक्सेलचे सुटे मिळत नाहीत. ८६ वर ठेवला तर खाली फट, ८७ वर ठेवला तर वर फट. केसाएवढीच, पण रंगाची बादली ओतली मात्र, त्या फटीतून निळा रंग अख्ख्या पानभर पसरला. आमच्या बी विंगच्या गच्चीची गळतीसुद्धा दोन फ्लॅटांच्या पुढे जात नाही.

पहाटे दार उघडलं तर आई गेरूवर ठिपक्यांचा कागद अंथरून बसलेली. त्याची भोकं तिनं उदबत्तीनं पाडलेली आहेत, माझ्या जन्माच्याही आधी. पंधरा ते आठ: मधल्या ओळीत पंधरा, वर-खाली एकेक कमी होत आठ, प्रत्येक ओळ अर्ध्या घरानं सरकलेली. म्हणजे नेमका षट्कोन! मी सगळे ठिपके मोजले. १६९.

"मोजतोस काय? सरक, अंधार पडतोय."

आत येऊन १०० बाय १७३ चा तुकडा घेतला, मधोमध एक ठिपका दिला, लेअरची प्रत काढून ती आडवी-उभी अर्ध्यानं सरकवली आणि त्या तुकड्यानं पान भरलं. ठिपक्यांमध्ये फट दिसत नाही, कारण सगळी फटच असते.

"छान आहे," सेक्रेटरी म्हणाले. "रेषा कधी जोडताय?"

स्मरणिका छापून आली. मुखपृष्ठावर अध्यक्ष आहेत, सेक्रेटरी आहेत, पाचही विंगचे प्रतिनिधी आहेत आणि खाली लिफ्टवाल्याची जाहिरात आहे. कोपऱ्यात माझे सात ठिपके दिसतात. त्यातला एक छापखान्याचा डाग आहे.