शूटिंगवाले साहेबांस सप्रेम

श्रीमान शूटिंगवाले साहेब यांस,


आमच्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ काल पेनड्राइव्हवर पोहोचला. परवा तिच्या लेकाचा बाप्तिस्मा आहे. पाहुणे जमणारच आहेत, तेव्हा आईबापांचे लग्नही त्याच जेवणात दाखवून होईल. एवढा अचूक मुहूर्त साधल्याबद्दल आपले आभार मानावेत तेवढे थोडेच.

प्री-वेडिंगसाठी आपण वसईचा किल्ला निवडलात, ही आपली रसिकता. वेळ दुपारी बाराची निवडलीत, ही प्रतिभा. ऊन डोक्यावर असले की डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. त्यामुळे दोघेही रात्रपाळी करून विरार लोकलच्या दारात लटकत आल्यासारखे दिसतात. सकाळी आठच्या आत यावे, किंवा ऊन कलल्यावर, नाहीच जमले तर पडक्या चर्चच्या भिंतीच्या सावलीत तरी उभे करावे, असे एखादा अडाणी सुचवील. आपण लक्ष देऊ नये.

शिवाय तो रंगीत धूर! 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने बुरुजाखाली सुरुंग उडवले, त्यानंतर किल्ल्याने एवढा धूर पाहिला नसेल. वास्तू पुरातत्त्व खात्याची असल्याने पहारेकरी खोकत, शिट्टी मारत धावून आला. तोही व्हिडिओत आहे. अख्ख्या व्हिडिओत फोकसमध्ये असलेला तो एकमेव माणूस.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या दारात आपण नवरा-नवरीला बाहेरच्या उन्हाकडे पाठ करून उभे केलेत आणि स्वतः आत, अंधारात थांबलात. आवारात लावलेल्या स्कूटरचा नंबर लख्ख वाचता येतो. दारातली दोन माणसे मात्र डांबरासारखी काळी. आपण उन्हाच्या बाजूला गेला असतात, किंवा निदान चेहऱ्यावर एक्स्पोजर धरले असतेत, तर नवरी कोण हे कळले असते. पण मग गूढ कुठे उरले असते?

हॉलमधल्या एलईडी दिव्यांचे पट्टे चित्रभर सरकतात, ते आम्ही सजावट म्हणून धरले आहेत. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची. शटर 1/50 किंवा 1/100 ला ठेवले की हे पट्टे बहुधा जातात. पण फुकट मिळालेली सजावट का घालवायची?

कॅमेऱ्याच्या चपळाईला तर तोड नाही. 1899 मध्ये सावे दादांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने केलेले ते पहिले चित्रीकरण मानतात. त्यांच्याकडे ना गिंबल, ना ड्रोन. बिचारे एका जागी उभे राहून कुस्ती बघत बसले. आपण तसले मागासलेपण ठेवले नाही. फादर आशीर्वाद देत असताना आपण त्यांना गिंबल घेऊन प्रदक्षिणा घालत होता, आणि अंगठी बोटात सरकली त्या क्षणी चित्रात छताचे झुंबर आहे. झुंबर सुरेख आहे हो. पुढच्या वेळी एखाद्या चौकटीत निदान दहा सेकंद थांबून बघा, असे सांगण्याची आमची काय पात्रता!

स्लो मोशनचेही तसेच. सेकंदाला 25 फ्रेमनी टिपलेले आपण नंतर ताणलेत. 50 किंवा 100 फ्रेमनी टिपले असते, तर व्याहीबुवा असे धक्के खात नाचले नसते. त्यांना कसलेसे झटके येतात असे समजून नाशिकच्या आत्याने कालच फोन करून विचारपूस केली. आपल्यामुळे नाती जवळ येतात.

आता त्या रात्रीबद्दल. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मंडपात लाल लुगडी नेसलेल्या चार म्हाताऱ्या बसल्या आणि आमच्या सामवेदी बोलीतली लग्नाची गाणी म्हणू लागल्या. एकीने शब्द सोडला की दुसरी तो उचलत होती, मधेच भांडत होत्या, कडवे कुणाचे आधी यावरून. आमच्या घरातल्या तरण्या पोरींना त्यातले एकही पूर्ण येत नाही. आपण तेव्हा नेमके ड्रोन उडवलेत. वरून मंडपाचा पत्रा फार छान दिसतो.

खालच्या कॅमेऱ्याने गाणे टिपले होते म्हणे, पण माइक त्याच कॅमेऱ्यावर, आणि कॅमेरा जनरेटरशेजारी. दोन-तीनशे रुपयांचा कॉलर माइक एका म्हातारीच्या लुगड्याला अडकवून दुसरे टोक मोबाइलला जोडले असते, तरी काम झाले असते. समुद्राचा वारा सुटला होता, म्हणून त्या माइकवर स्पंजची टोपी. बस्स. जे काही थोडेफार आले होते, तेही आपण कापून तिथे हिंदी सिनेमातले गाणे चढवलेत. म्हाताऱ्यांचे ओठ हलतात आणि आवाज कुणा पंचविशीतल्या गायिकेचा येतो. त्यांनी तो व्हिडिओ पाहिला. थोरलीने विचारले, "ही कोण बया गाते आमच्या तोंडाने?" आपल्या कौतुकाला याहून मोठी दाद कोणती?

मूळ फुटेज मिळेल का, असे मी भीत भीत विचारले होते. कार्ड त्याच आठवड्यात पुढच्या लग्नासाठी फॉरमॅट केले, असे आपण हसत सांगितलेत. आवाज दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायला किती वेळ लागला असता, हे विचारायचे धाडस मला झाले नाही. आपण घाईत होता.

जानेवारीत आमच्या धाकट्याचे लग्न आहे. अवश्य यावे, सहकुटुंब यावे, पोटभर जेवावे. कॅमेरा घरीच राहू द्यावा. त्या लग्नाच्या आदल्या रात्री माइक कुठे ठेवायचा ते म्हाताऱ्यांनी स्वतःच ठरवले आहे, आणि जनरेटर कुंपणाबाहेर जाणार आहे.

आपला चाहता,
नवरीचा मामा

ता. क. : आपली उरलेली रक्कम तयार आहे. ती आपल्याला स्लो मोशनमध्ये पोहोचेल.