समुद्राचं इनकमिंग इन्स्पेक्शन

चाकणच्या पट्ट्यात पंधरा-वीस वर्षं क्वालिटी खात्यात काढलेला माणूस मंडईतही ओळखू येतो. टोमॅटो हातात घेऊन तो फिरवत असतो आणि अंगठा आपसूक बर (धातू कापल्यावर काठाला उरणारी धार) शोधत असतो. पंगतीत जिलबी वाढली की आधी शेजारच्या ताटातली बघतो, मग आपली. लॉट एकच आहे ना, याची खात्री झाली की मग जेवतो. मोशीतल्या आमच्या सोसायटीत असा एक तरी प्रत्येक मजल्यावर आहे. पण नाव-आडनाव पुसलं जाऊन ज्यांचं नुसतं 'क्वालिटीवाले' उरलंय असे एकच. त्यांच्याबद्दल कंपनीतले लोक आदरानं (की वैतागानं) सांगतात की या गृहस्थांनी आजवर एकही माल डेव्हिएशनवर, म्हणजे दोष चालवून घेऊन, पास केलेला नाही. डिस्पॅचवाले रडोत, गाडी गेटवर उभी राहो, ओरखडा दिसला की लाल टॅग.

अशा माणसाला खाऱ्या पाण्याचा टँक घ्यावासा वाटला. का, ते विचारू नये. चाळिशी ओलांडली की इकडचा माणूस एक तर बुलेट घेतो, नाही तर मॅरेथॉन पळायला लागतो. हे समुद्राच्या वाटेला गेले, आणि तेही अशा गावात जिथून घाट उतरल्याशिवाय समुद्र दिसत नाही.

पहिलाच टँक, म्हणून 'ऑल-इन-वन' घ्यायचं ठरलं. यात काचेच्या पेटीच्या पाठीमागेच कप्पे असतात. पाणी वरच्या दातेरी फटीतून मागे पडतं, पहिल्या कप्प्यातल्या स्पंजातून गाळलं जातं, मधल्या कप्प्यात जिवाणूंना राहायला सच्छिद्र खडे असतात आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा पुढे ढकलतो. खाली वेगळी टाकी नको, पाइपांचं जंजाळ नको. स्टेशन एक, स्टेशन दोन, स्टेशन तीन. क्वालिटीवाले बघताक्षणी विरघळले.

मग एक्सेल उघडली. रेड सीचा मॅक्स नॅनो, फ्लुव्हलचा इव्हो, इनोव्हेटिव्ह मरीनचा फ्यूजन, प्रत्येकाला वेटेज, प्रत्येकाला गुण. नवख्यानं सगळ्यात लहान टँक घ्यावा असा त्यांचा समज होता, तो इथेच मोडला. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं: एक मासा मेला, थोडं पाणी उडून गेलं, की खारेपणा आणि अमोनिया दोन्ही झेपावतात. म्हणून पाऊणशे लिटरवर बोट ठेवलं. त्यानंतर 'टँक कशानं फसू शकतो' याचा फिशबोन डायग्राम काढून फ्रिजवर लावला. वहिनी म्हणाल्या, "चला, घरात एक तरी मासा आला."

चिंचवडच्या दुकानदाराचं रीतसर ऑडिट झालं. तो बिचारा पंचविशीतला मुलगा. "सर, काच बारा महिन्यांच्या वॉरंटीची आहे," एवढंच तो म्हणाला, तर यांनी सिलिकॉनच्या जोडाचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं. नंतर कोपऱ्यातल्या एका माशाकडे बोट दाखवून विचारलं, "याचा बॅच नंबर?"

ऑल-इन-वनमध्ये सगळं एकात असतं, फक्त जे लागतं ते नसतं, हे टँक घरी आल्यावर कळलं. मीठ वेगळं, कारण स्वयंपाकघरातल्या मिठात समुद्रातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वेगळा. पाणी 25-26 अंशांवर ठेवायचं, म्हणून थंडीसाठी हीटर आणि एप्रिलसाठी पंखे. पार्सल आलं की वहिनी दारातूनच ओरडत, "अहो, तुमच्या सगळं-एकातमधलं आणखी एक आलंय!"

खरा प्रसंग घडला तो आरओवरून. मिठाआधी पाणी कोरं हवं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. त्यासाठी आरओ आणि त्यापुढे रेझिनची नळी. शुद्ध पाण्याच्या एका बादलीमागे दोन-तीन बादल्या नळीतून मोरीत जातात. आता आमच्याकडे 2019 च्या नोव्हेंबरपासून पाणी दिवसाआड, उरलेलं टँकरनं. त्यात त्यांची आई लातूरहून आलेली. 2016 साली मिरजेहून आगगाडीनं आलेलं पाणी जिनं घागरीत भरलं, ती बाई पाट टाकून मोरीशी बसली आणि बघत राहिली.

"काय करायलास रे?"

"पाणी शुद्ध करतोय, आई."

"तीन बादल्या घालवून एक?"

"हो."

"मग ती एक प्यायची का?"

"नाही. अशा बादल्यांनी टँक भरायचा आणि त्यात अडीच किलो मीठ टाकायचं."

म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली, नळीखाली घमेलं सरकवलं, आणि त्या दिवसापासून सांडपाण्याचा ताबा तिच्याकडे. फरशी, भांडी, जिन्यातल्या तुळशी, पार्किंगमधल्या दोन गाड्या, सगळं त्यावर. क्वालिटीवाल्यांनी याची काईझेन, म्हणजे सुधारणा, म्हणून नोंद केली. आईनं केलेली पुढची नोंद अशी: "अडीच किलो मिठात दोन वर्षांचं लोणचं होतंय."

प्रवाळाचं स्वप्न मात्र वाटेतच अडलं. टणक सांगाड्याचे सगळे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. जवळ बाळगले तर तीन ते सात वर्षांची कैद. "चालतं सर, सगळे ठेवतात," असं कुणीतरी सुचवलं. पण 'सगळे करतात' हे वाक्य ऐकून लाल टॅग लावण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला हे सांगून काय उपयोग? मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी-हाजीअलीचे प्रवाळ हलवायचे होते, तर महापालिकेलाही परवानगीसाठी थांबावं लागलं होतं, हे त्यांनी समोरच्याला तारीखवार ऐकवलं. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक हे मोठं प्रवाळक्षेत्र आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा फोटो फ्रेम करून त्यांनी टँकच्या मागे लावला. टँकमध्ये ठेवायला दगड घेतले ते भट्टीत भाजलेले, बिलासकट.

मग सायकलिंग. दगडांवर जिवाणू रुजून अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट होईपर्यंत चार-सहा आठवडे मासा सोडायचा नाही. दिव्याखाली नुसतं पाणी आणि दगड. येणारा-जाणारा विचारी, "मासे कुठायत?" हे म्हणत, "ट्रायल चालू आहे." दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते आणि कंपनीची सुट्टीही गुरुवारीच, त्यामुळे सुट्टीभर हे बॅटरीचा एअरपंप धरून टँकशेजारी. आईनं लातूरला व्हिडिओ कॉल लावून बहिणीला दाखवलं, "बघ, महिना झाला, कुणी हात नाही लावला या पाण्याला."

अखेर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तीन दिवस ओळीनं. क्लाउनफिशची जोडी आणायला मीही गेलो होतो. समुद्रातून पकडलेले नकोत, हॅचरीत वाढवलेलेच हवेत ही अट. मुलानं दोन पिशव्या उजेडात धरल्या. क्वालिटीवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. एका माशाचे तिन्ही पांढरे पट्टे ड्रॉइंगप्रमाणे. दुसऱ्याचा मधला पट्टा अर्ध्यातच तुटलेला.

"हा रिजेक्ट."

"सर, हॅचरीच्या माशात असं होतं. आणि पट्टा तुटलेल्याचे लोक जास्त पैसे देतात."

"डिफेक्टचे?"

"हो सर. जितका वेडावाकडा, तितका महाग."

क्वालिटीवाले पिशवीकडे बघत राहिले. मासा त्यांच्याकडे बघत राहिला. मागे एक बाई पोराला घेऊन खोळंबली होती. यांचा हात सवयीनं खिशातल्या लाल पेनाकडे गेला, तिथेच थोडा रेंगाळला आणि पाकीट घेऊन बाहेर आला.

"याला तुटक्या पट्ट्याचा जादा आकार पडणार नाही ना?" एवढं विचारून त्यांनी आयुष्यातला पहिला माल डेव्हिएशनवर पास केला.