उरलेल्या नटाची मीमांसा

जुनी मोटार घरच्या घरी सोडवून पुन्हा जोडणाऱ्या गृहस्थाकडे अखेरीस दोन वस्तू असतात: एक मोटार आणि मूठभर उरलेले नटबोल्ट. मोटारीवर विपुल ग्रंथरचना झाली आहे. नटबोल्टांच्या वाट्याला श्रीखंडाचा रिकामा डबा येतो आणि डब्याच्या वाट्याला माळा. इतक्या गहन प्रश्नाची अशी बोळवण व्हावी, हे विद्याक्षेत्राला भूषणावह नाही. ती उणीव दूर करण्याचा हा अल्पसा यत्न. क्षेत्र बेंगळुरू, नमुना प्रीमियर पद्मिनी. अँबेसेडरचा उल्लेख केवळ पूर्वपक्ष म्हणून येईल.

बेंगळुरूच का? तर पद्मिनीचे जन्मगाव तेच व्हायचे राहून गेले. विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात मोटार कारखान्याची योजना मांडली, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ती उचलून धरली. ब्रिटिश सरकार काही बधले नाही. मग डिसेंबर १९४० मध्ये वालचंदांनी बेंगळुरूत काढला तो विमानांचा कारखाना. मोटारींसाठी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स निघाली आणि तिचे बिऱ्हाड कुर्ल्याला पडले. या वाटणीत मला दैवाचे शहाणपण दिसते. विमान जोडून झाल्यावर दोन नट उरले, तर वैमानिक चौकशी करतो.

आता नमुन्याकडे. ज्या गाडीला मराठी मुलखाने प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हटले, तिच्यानंतर १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि दहाएक वर्षांनी तिचीच पद्मिनी झाली. गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. सिलिंडर चार, व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. गुणाकार केला की १०८९ सीसी बरोबर येतात. ज्यांचा हिशेब इतका चोख, ते कुर्लेकर जादा नट कशाला घालतील? मग उरतात ते कुठले?

यावर तीन मते प्रचलित आहेत. मालक म्हणतो, कंपनीच चार जास्त लावते. वर दिलेल्या गुणाकाराने हे मत बाद. मेस्त्री म्हणतो, “गाडी चालते ना सार? मग तो लागतच नव्हता.” याला प्रत्यक्ष प्रमाणाचा आधार आहे, पण पहिल्या गतिरोधकापर्यंतच. तिसरे मत मालकाच्या आईचे: “मिक्सरचा नाही ना रे तो?” विद्वान मंडळी या मताला हसतात. पण सोसायटीने तळघरात दुरुस्तीला मनाई केल्यापासून कार्ब्युरेटर ओट्यावर उघडला जातो आणि त्याचे जेट फिल्टर कॉफीच्या डवऱ्यात भिजत पडतात. अशा घरात आईच्या मताला सर्वांत भक्कम पुरावा आहे.

समाधानकारक उत्तर अखेर नैयायिकांकडेच मिळते. नट उरला, याचा अर्थ गाडीत कुठेतरी त्याच मापाचा अभाव नांदतो आहे. आणि अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात अभाव चार प्रकारचा सांगून ठेवला आहे. पहिला प्रागभाव. नट बसायचा आहे, अजून बसलेला नाही. “रविवारी बसवतो” या वाक्यात तो वर्षानुवर्षे सुखाने राहतो.

दुसरा प्रध्वंसाभाव, आणि या शास्त्राचा गाभा इथे आहे. पद्मिनीचा पत्रा गंजतो तो खालून: दारांची बुडे, पायाखालचा फ्लोअर, डिकीतली स्टेपनीची जागा. टिंकरिंगवाला कुजलेला भाग कापतो, नवा पत्रा वेल्ड करतो, लांबी भरतो, घासतो आणि आरशासारखा गुळगुळीत करून देतो. त्या गुळगुळीतपणात जुनी भोके गेलेली असतात. म्हणजे नट शाबूत, बोल्ट शाबूत, नाश झाला तो भोकाचा. उरलेल्या नटांपैकी बहुसंख्य या वर्गातले, असे माझे ठाम मत आहे. लोक मात्र दोष विसरभोळेपणाला देतात. टिंकरिंगवाल्याच्या कौशल्याला कोणी देत नाही.

अन्योन्याभाव म्हणजे घट हा पट नव्हे. फियाट मिलिमीटरची, अँबेसेडर इंचाची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे १३ चा पाना तिथे बसल्याचा भास होतो आणि जोर लावताच नटाचे कोपरे झिजतात. शेजाऱ्याकडे अँबेसेडर असेल, तर तिचे नट तुमच्या डब्यात कसे शिरतात, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. चौथा अत्यंताभाव. तो जे. सी. रोडवर स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतो. “इल्ला सार” एवढ्या दोन शब्दांत. मग शिवाजीनगरच्या भंगार बाजारात जायचे, तिथे मिळेल तो घ्यायचा, न बसल्यास डब्यात टाकायचा. अशा रीतीने गाडीतून कधीच न निघालेले नटही उरू शकतात, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल.

गाडी नुसती मूळ रूपात न आणता हौसेने सजवणारे जे आहेत, त्यांचा डबा अर्थातच मोठा. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला की नवा ब्रॅकेट येतो, जुन्याचा सगळा परिवार निराधार होतो. डिस्क ब्रेक, एसी, बकेट सीट यांचेही तेच. या पंथावर कायद्याची वक्रदृष्टी आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलांत परस्पर फेरफार करू देत नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नाशी उलटलेल्या गाडीला विंटेजचा मान दिला, पण चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल नसतील तरच. वीस हजार भरा, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी घ्या, दहा वर्षे निश्चिंत. रोजच्या कामाला मात्र ती काढायची नाही. पत्रा, रंग, रबर, वायरिंग, सगळे बदलल्यावर गाडी तीच का, या प्रश्नाने वेदान्ती थकतील. आरटीओ चॅसी नंबर बघतो आणि पुढची फाईल घेतो. नटांची मोजदाद कोणत्याही कलमात नाही.

राहिला प्रश्न आचाराचा. बेंगळुरूत आयुधपूजेला गाडी धुतात, हार घालतात, चाकांखाली लिंबे ठेवतात, कोहळा फोडतात. त्या दिवशी श्रीखंडाच्या डब्याला कुंकू लावावे की नाही? तो वाहनाचा भाग म्हणावा तर वाहन त्याच्याशिवाय चालते. आयुध म्हणावे तर पाना वेगळा पुजलेला असतो. मेस्त्रीच्या मते लावू नये, उगीच नटांना गाडीची आठवण होते. आईच्या मते लावावे, पण आधी डबा नीट उघडून मिक्सरचा नट शोधावा.