नाव सोनुबाई, वॉरंटी एक वर्ष

आमच्या घरात फ्रीज घ्यायचा ठरला की आधी त्याचं घराणं बघतात. किती लिटरचा, केवढ्याचा, दारात बाटल्या किती मावतात, हे सगळं मागाहून. पहिला प्रश्न मामांचा असतो, "कुणाचा घेताय?" आपण कंपनीचं नाव सांगायचं. मग मामा डोळे मिटतात, मनातल्या मनात सात पिढ्या चाळतात आणि मान हलवतात. उभी हलली तर स्थळ पसंत. आडवी हलली तर ठरलेलं वाक्य येतं, "त्यांच्याकडे आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही." यावर अपील नाही. मामांनी उभ्या आयुष्यात एकच फ्रीज वापरला आहे, आणि तेवढ्या भांडवलावर ते जगातल्या यच्चयावत फ्रीजांच्या कुंडल्या मांडतात.

घरोघरी अशी पाठ केलेली वंशावळ असतेच. जपानी म्हणजे डोळे झाकून घ्यावं. जर्मन म्हणजे दणकट, फक्त पैशाकडे बघायचं नाही. कोरियन दिसायला देखणं. चिनी म्हणजे गणपतीत आणलं तर दिवाळीपर्यंत. आणि देशी म्हणजे बिघडणार, पण दुरुस्तही होणार.

या वंशावळीवर ज्यांची फार श्रद्धा आहे त्यांनी एकदा रांजणगावला जावं. महागणपतीचं दर्शन घ्यावं आणि तसंच एमआयडीसीत शिरावं. तिथे एलजीचा कारखाना आहे, म्हणजे कोरिया आला. व्हर्लपूलचा आहे, म्हणजे अमेरिका आली. हायरचा आहे, म्हणजे चीन आला. तिन्हीकडे फ्रीज बनतात आणि तिन्हीकडे कामाला जाणारी पोरं आसपासच्याच तालुक्यांतली, कदाचित एकाच आयटीआयच्या एकाच बाकावरची. आराखडे वेगळे, सुटे भाग वेगळे, तपासणीचे नियम वेगळे, हे सगळं कबूल. पण शिफ्ट सुटली की कोरियन देखणेपणा, अमेरिकी मजबुती आणि चिनी स्वस्ताई एकाच टपरीवर चहा पितात. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असेल. पण मूळ गाव कुठलं?"

मूळ गावाचंच म्हणाल तर हायरचं मूळ गाव चीनमधलं छिंगदाओ. १९८५ साली तिथल्या कारखान्यात झांग रुईमिन नावाच्या व्यवस्थापकाने सदोष निघालेले ७६ फ्रीज बाजूला काढले आणि कामगारांच्या हाती घण देऊन त्यांच्याकडूनच ते फोडून घेतले. त्या काळात चीनमध्ये फ्रीज ही चैनीची वस्तू होती, सदोष मालालाही सहज गिऱ्हाईक मिळालं असतं. कामगारांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. पुढे २०१६ मध्ये याच कंपनीने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचा घरगुती उपकरणांचा अख्खा व्यवसाय विकत घेतला. म्हणजे अमेरिकी घराण्याच्या वाड्यावर चिनी पाटी लागली. आमच्याकडे मात्र 'चिनी माल' हा शब्द अजून त्याच जुन्या सुरात उच्चारला जातो. नावलौकिक मिळवायला कंपनीला चाळीस वर्षं लागतात, आणि तो मामांपर्यंत पोचायला आणखी चाळीस.

घराण्याचा खरा महिमा बघायचा तर त्याच रांजणगावातल्या फियाटच्या कारखान्याकडे वळावं लागतं. फियाटचं १.३ लिटरचं, म्हणजे नेमकं १२४८ सीसीचं, मल्टिजेट डिझेल इंजिन ज्यांना आठवत असेल त्यांच्या चेहऱ्यावर आत्ता हसू आलं असेल. हे इंजिन मूळ फियाटचं. २००७ मध्ये ते मारुतीच्या स्विफ्टमध्ये 'डीडीआयएस' या नावाने आलं. टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये 'क्वाड्राजेट' या नावाने आलं. इतक्या गाड्यांमध्ये गेलं की गाडीवेडे लोक त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. आणि फियाटच्या स्वतःच्या पुंटो आणि लिनिया या गाड्यांमध्येही अर्थातच तेच होतं.

आता सोसायटीच्या पार्किंगमधला त्या काळातला संवाद आठवा. डिझेल स्विफ्टवाल्याभोवती चार जण उभे. "काय इंजिन आहे हो! अ‍ॅव्हरेज किती देते?" त्याच्यासाठी लोक महिनोन्महिने नंबर लावून थांबलेले. शेजारी पुंटोवाला गाडी पुसत असतो. त्याच्याकडे वळताना आवाज आपोआप खाली येतो, घरात कुणी आजारी असल्यासारखा. "तुमची कशी आहे? बरी आहे ना? पार्ट मिळतात का?" पुंटोवाला सांगतो की इंजिन तेच आहे. ऐकणारे समजुतीने मान डोलावतात. त्याच मनुष्याने पुढे गाडी विकायला काढली तेव्हा एजंट तिच्याकडे असा बघायचा की गाडी सोडून त्याचीच किंमत करतोय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि त्याच्या आगेमागे हे इंजिन इथल्या बाजारातून गेलं. जाताना सगळं पुण्य मारुतीच्या खात्यावर जमा होतं आणि सगळी काळजी फियाटच्या.

लोक मूर्ख होते असं मात्र मुळीच नाही. पुंटोच्या इंजिनाबद्दल कुणाला शंका नव्हती. शंका होती ती सर्व्हिसबद्दल. बारामतीला, चिपळूणला, नांदेडला गाडी बंद पडली तर उघडून बघणारा कुणी आहे का, बंपरचा क्लिप तुटला तर तो इटलीहून येणार की पुढच्या चौकातून, हा तो प्रश्न होता. मारुतीचा मेकॅनिक गल्लीत सापडायचा. म्हणजे आपण ज्याला गाडीचा भरवसा म्हणतो तो पुष्कळदा गाडीत नसतोच, तो गॅरेजात असतो.

हा नियम लावला की आपल्या सगळ्या लाडक्या दंतकथांचा उलगडा होतो. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी घ्या. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवली गेली आणि टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत निरोपाचे लेख आले, लोक हळवे झाले. "काय गाडी होती! मरायचं नाव नाही!" खरी गोष्ट अशी की ती रोज थोडी थोडी मरायची आणि टॅक्सीवाला तिला रोज थोडी थोडी जिवंत करायचा. डिकीत पाण्याचा कॅन, सीटखाली पाना, आणि कुर्ल्यापासून कुलाब्यापर्यंत कुठेही तिचं पोट उघडू शकणारे हात.

किंवा १९७२ ची बजाज चेतक. तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले, हुंड्याच्या यादीत ती मानाने बसली. ती सुरू होत नसली की तिला एका अंगावर कलती करायची, थोडं थांबायचं, पुन्हा उभी करून किक मारायची, हा विधी अख्ख्या महाराष्ट्राला मुखोद्गत होता. आजच्या कुठल्याही स्कूटरला सकाळी असं कलतं करावं लागलं तर मालक दुपारपर्यंत ग्राहक मंचात पोचेल. चेतकच्या बाबतीत मात्र ती तिची लकब मानली गेली. एवढी वाट पाहून घरात आलेल्या सुनेला कोण नावं ठेवणार?

'पूर्वीच्या वस्तू कशा टिकायच्या' हे वाक्यही असंच तपासून घ्यायला हवं. मामांचा तो जुना फ्रीज अजून चालू आहे आणि पाहुण्यांना तो देवघरानंतर लगेच दाखवला जातो. पण त्याच वर्षी, त्याच दुकानातून निघालेले त्याचे बाकीचे भाऊबंद कुठे आहेत? ते केव्हाच भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेले, आणि गेलेल्यांना साक्षीला कुणी बोलवत नाही. शिवाय त्या काळी फ्रीज घ्यायला कित्येक महिन्यांचा पगार ओतावा लागायचा. एवढी किंमत मोजलेल्या वस्तूला माणूस मरू देत नाही. कॉम्प्रेसर बदलतो, दाराचं रबर बदलतो, दोनदा रंग काढतो आणि म्हणतो, "ओरिजिनल आहे हो!"

किमतीचा आणि इमानाचा हा संबंध मला फार मौजेचा वाटतो. दोन हजारांचा मिक्सर बंद पडला तर आपण कंपनीच्या नावाने शंख करतो. साठ लाखांची गाडी बंद पडली तर मालक कंपनीचं वकीलपत्र घेतो. साध्या गाडीत बिघाड होतो, महागड्या गाडीत 'सेन्सर इश्यू' असतो. साधी गाडी गॅरेजात पडून असते, महागडी 'ऑब्झर्व्हेशनखाली' असते. एवढे पैसे घालून फसलो असं म्हणण्यापेक्षा, "या गाड्यांना आपले रस्ते झेपत नाहीत," असं म्हणणं सोपं पडतं. बरं, ज्या देशात रस्ते झेपतात तिथलं काय? अमेरिकेत जे. डी. पॉवर ही संस्था तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या तक्रारी मोजते, दर शंभर गाड्यांमागे किती अशा हिशोबाने. त्यात लेक्सस वर्षानुवर्षं वरच्या टोकाला असते. तरुण पोरं जिला आजोबांची गाडी म्हणून हसतात ती ब्युइकही अनेकदा वर असते. आणि लँड रोव्हर, ऑडी अशी बडी नावं अनेकदा सरासरीच्या खाली सापडतात. मात्र या मोजणीत इंजिन बसलं तरी एक तक्रार आणि मोबाइल स्क्रीनला जोडला गेला नाही तरी एकच तक्रार. त्यामुळे आकड्यांवरही मामांइतकीच श्रद्धा ठेवावी, जास्त नाही.

आकड्यांवरून आठवलं, चांदण्या. फ्रीजच्या दारावर, एसीच्या पोटावर ज्या पाच चांदण्या असतात त्या मोजून कित्येक जण वस्तूचं आयुष्य ठरवतात. "फाइव्ह स्टार आहे, दहा वर्षं बघायला नको!" त्या चांदण्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या. वस्तू वीज किती खाते एवढंच त्या सांगतात. किती जगते याबद्दल त्या चकार शब्द काढत नाहीत. पाच चांदण्यांचा एसी कमी वीज खातो हे खरंच, आणि बंद पडला की मुळीच खात नाही.

आणि ज्या नावासाठी एवढा खटाटोप, ते नाव तरी त्या घराण्यात उरलं आहे का? कोडॅक, थॉमसन, ब्लाउपुंक्ट हे टीव्ही दुकानात शेजारी शेजारी उभे असतात. एक अमेरिकी, एक फ्रेंच, एक जर्मन. आपण अर्धा तास तिघांची तुलना करतो आणि शेवटी जर्मन मजबुतीवर शिक्कामोर्तब करतो. हे तिघेही दत्तक आहेत. नावाचा परवाना घेऊन भारतात त्यांना बाजारात आणणारी कंपनी एकच, आणि ती नोएडाची. तोशिबाची घरगुती उपकरणं २०१६ पासून चीनच्या मिडियाकडे आहेत. यात बेकायदा काही नाही, आणि माल वाईटच असतो असंही नाही. फक्त आपण ज्या आजोबांच्या कीर्तीवर पैसे मोजतो, त्या आजोबांना हा नातू माहीतच नसतो.

मग खरं कुणाला विचारायचं? माझ्यापुरतं उत्तर सापडलं होतं. आमच्या भागात एक मिस्त्री होते. फ्रीज, एसी, वॉशिंग मशीन, सगळं बघायचे. कुठल्याही कंपनीबद्दल त्यांच्या मनात आदर नव्हता. आमचं वॉशिंग मशीन (नाव सांगत नाही, मामांनी उभी मान हलवलेलं होतं) कपडे पिळायच्या ऐन वेळी घरभर चालायला लागलं तेव्हा ते आले, मागचं झाकण उघडलं आणि आतूनच बोलू लागले. "काका, कंपनी कुणाला मारत नाही. वस्तू मरते ती व्होल्टेजने. नाहीतर बोर्डात मुंग्या शिरतात, कधी पाल शिरते. नाल्याकाठच्या बिल्डिंगीत एसीची कॉपर कॉइल गटाराच्या वायूने सडते, तिथं जपानी काय न् जर्मन काय."

खाली काय टेकवायचं ते टेकवून त्यांनी मशीनला घरात बसवलं. नवीन फ्रीजचं विचारलं तर म्हणाले, "ज्याचा पार्ट संध्याकाळपर्यंत मिळतो तो घ्या. स्टॅबिलायझर लावा. मागं वीतभर जागा सोडा. आणि माझा नंबर जपून ठेवा." एवढं शुद्ध ज्ञान मला कुठल्याही जाहिरातीने दिलं नव्हतं. त्यांनी सांगितलेला फ्रीज घेतला. मामांची मान आडवी हलली, तरी घेतला. आणि त्या भरात मिस्त्रींचा नंबर सोसायटीत, ऑफिसात, नात्यागोत्यात, जो भेटेल त्याला देत सुटलो.

माणूस खरोखरच गुणी असल्यामुळे पुढे जे व्हायचं ते झालं. त्यांचं नाव झालं. चौकात गाळा आला, गाळ्यावर स्वतःच्या नावाची लाल पाटी आली, फोनवर एक मुलगी "आपली तक्रार नोंदवली आहे" म्हणू लागली. परवा फ्रीजमधून पाणी गळायला लागलं म्हणून फोन केला. दोन दिवसांनी एक पोरगा आला. त्याच्या शर्टाच्या खिशावर मिस्त्रींचं नाव भरतकामात होतं. त्याने फ्रीजचं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाला, "सर, बोर्ड गेलाय. नवीनच घ्या, आमच्याकडे ऑफर आहे."

मी विचारलं, "मिस्त्री स्वतः नाही येणार का?"

"ते नाही येत आता," पोरगा अभिमानाने म्हणाला. "ते आम्हाला ट्रेनिंग देतात."