थोरली गाडी, धाकटा बिघाड

धार आणि देवासला मराठी माणूस पवारांच्या घोड्यांमागून आला, त्याला आता तीनशे वर्षं होत आली. घोडे गेले, जहागिरी गेल्या, 1948 साली संस्थानंही मध्य भारतात विलीन झाली. उरली ती वाड्याची मागची बाजू, जुने भाडेकरू आणि नावापुढचं ‘साहेब’. या उरलेल्या गोष्टींत अधूनमधून एक जुनी स्पोर्ट्स कार आढळते आणि तिच्याबरोबर आपला माणूस. त्याला भाऊसाहेब म्हणू, कारण सगळं गाव तसंच म्हणतं. गाडी घराण्यातली नसते. परदेशातून परतलेल्या कुणीतरी ती आणलेली असते, मग इंदुरात दोन-तीन हात फिरून ती ‘चालू स्थितीत’ या दोन शब्दांच्या जोरावर भाऊसाहेबांच्या दारात येते: नव्वदीच्या दशकातली मर्सिडीज एसएल, नाहीतर पोर्शे 928. ती चालते हे खरं. चालत नाही ती फक्त चालवणाऱ्याची सीट. बटणावर पुढे-मागे, वर-खाली होणारी ही सीट आधीच्या मालकाच्या मापावर थिजलेली असते, आणि आधीचा मालक हटकून सहा फुटी असतो. भाऊसाहेब मग पाठीशी तक्क्या घेऊन एबी रोडने जातात. बघणाऱ्याला वाटतं, दरबार निघाला.

यावर लोक म्हणतात, भाऊसाहेबांना यंत्रातलं कळत नाही. मला ते पटत नाही. कळतं, चांगलं कळतं. त्यांची अडचण कुळाची आहे. थोर गाडीला थोरच बिघाड होणार, ही त्यांची श्रद्धा. सीट हलली नाही की निदान तयार: ‘मोटर जळली.’ किंवा त्याहून भारदस्त, ‘कंट्रोल युनिट गेलं.’ लगेच जर्मनीतून मोटर मागवण्याची भाषा सुरू होते, पुण्याच्या भाच्याला फोन जातो, भाचा ‘विचारून सांगतो’ म्हणतो आणि त्यावर दोन दिवाळ्या उलटतात. प्रत्यक्षात या सीटच्या पोटात असतं काय? 12 व्होल्टच्या लहान मोटरी, आणि साधारणपणे प्रत्येकीला दोनच तारा. वीज एका तारेतून आली की सीट पुढे, दुसरीतून आली की मागे. दिशा मोटर ठरवत नाही, बटण ठरवतं. म्हणजे सीट पुढे जाते पण मागे येत नाही अशी तक्रार असेल, तर मोटर जवळपास निर्दोष सुटली; काळे पडलेले कॉन्टॅक्ट बटणात शोधायचे. आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज, रिले, सीटखालचा सैल प्लग आणि गंजलेलं अर्थिंग बघायचं. मोटर गुणगुणते आणि सीट ढिम्म, तर ती जिवंत असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता? तिच्यापासून रुळापर्यंत जाणाऱ्या लवचीक केबलीचं चौकोनी टोक झिजून गोल झालेलं असतं, नाहीतर नायलॉनच्या गिअरचे दात पडलेले असतात. आणि या सगळ्याच्या आधी रूळ बघावा. माळव्यातल्या गाडीच्या रुळात रतलामी सेव असते. तीस वर्षांचं ग्रीस आणि सेव एकत्र मळून जे तयार होतं, त्याचा विचार जर्मन इंजिनिअरांनी केलेला नव्हता. पण हे भाऊसाहेबांना रुचावं कसं? ‘मोटर जळली’ असं चारचौघांत सांगता येतं. ‘सेव अडकली’ म्हणून सांत्वनाला कोणी येत नाही.

धारला या वृत्तीची जुनी सनद आहे. राजा भोजाच्या नावावर असलेल्या, 11व्या शतकातल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे. पाऱ्याच्या जोरावर उडणारा लाकडी पक्षी त्यात आहे, आणि दर प्रहराला एकेक मजला वर चढणारी शय्याही आहे, म्हणजे पॉवर सीटची थेट पणजी. ही यंत्रं जोडायची कशी, हे मात्र ग्रंथकार सांगत नाही. वर खुलासा करतो की हे मौन गुप्ततेसाठी आहे, अज्ञानामुळे नव्हे. त्या खुलाशाने गेल्या हजार वर्षांत धार सोडलेली नाही. नेमकं बिघडलंय काय, असं भाऊसाहेबांना विचारून बघा. ते डोळे बारीक करून हसतात आणि म्हणतात, “आहे एक गोष्ट.” मोडलेलं भव्य असावं, या हट्टालाही तिथेच आधार मिळतो. लाट मशिदीच्या आवारात 13 मीटरच्या आसपास भरणारा लोखंडी स्तंभ तीन तुकड्यांत आहे, आणि लोक तो मोडलेलाच बघायला जातात.

कुणी विचारेल, मोटर कधी जळतच नाही का? जळते. पण बहुतेकदा जाम रुळावर बटण दाबून धरणाऱ्या अंगठ्यामुळे; नवी बसवली तर तीही त्याच वाटेने जाईल. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: एवढ्या जुन्या गाडीचे भाग मिळत नाहीत. कबूल. पण हे रडगाणं गायला जागा तरी बघावी. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला 1980च्या दशकापासून ट्रक आणि टेम्पो बनत आले, कायनेटिक होंडा तिथेच बनली. 2021 साली खुला झालेला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा वेगचाचणीचा ट्रॅकही तिथलाच. देवासला पंपांचे कारखाने आहेत, चामड्याचे आहेत, नोटांचा छापखानासुद्धा आहे. ज्या मुलखात गाडी ताशी 250 किलोमीटरने पळवून बघता येते, तिथे सीट सहा इंच पुढे सरकत नसेल तर दोष टंचाईला देता येणार नाही. केबलीचं टोक कापून पुन्हा चौकोनी करणं, नायलॉनऐवजी पितळेचा गिअर कापून घेणं, हे देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या कसबी कारागिराला जमण्यासारखं काम आहे. तो कारागीर भाऊसाहेबांच्या ओळखीचाही असतो. अडचण एवढीच, की त्याच्याकडे ऑटोरिक्षा येतात, आणि एसएलची सीट रिक्षांच्या रांगेत थांबणं म्हणजे खानदानाचा पंचनामा.

मग दांडा ओढून सरकवायची साधी सीट का बसवत नाहीत? इथे मात्र मी भाऊसाहेबांच्या बाजूने उभा राहीन. 1989 साली आलेल्या त्या एसएलमध्ये पट्टा गाडीच्या खांबाला नाही, सीटलाच जोडलेला आहे. टक्कर झाली तर खांद्यावरच्या पट्ट्याची सगळी ओढ सीट सोसते, म्हणून तिचा सांगाडा मॅग्नेशियमच्या ओतीव भागांचा केलेला आहे. तिथे भंगारातली दुसरी सीट ठोकायची ही सूचना काटकसरीची वाटते, पण ती जिवावर बेतणारी आहे. भाऊसाहेब ती ज्या तिरस्काराने फेटाळतात तो निव्वळ दिखाऊ नसतो, आणि अशा गाड्या आज रस्त्यावर दिसतात त्या त्यांच्यासारख्यांच्या हट्टामुळेच.

सीट अखेर सुधारते, ती बहुधा भाऊसाहेब लग्नाला पुण्याला गेलेले असताना. वहिनी रिक्षावाल्यांचा वायरमन बोलावतात. तो आधी बॅटरीची तार काढतो, एअरबॅगच्या पिवळ्या प्लगाला हात लावत नाही, बटण उघडून कॉन्टॅक्ट घासतो, रूळ खरवडतो, आणि चहा घेऊन जातो. भाऊसाहेब परतल्यावर गावाला सांगतात की जर्मनीहून मोटर आली. प्रश्न वेगळाच उरतो. बॅटरी काढल्यावर बऱ्याच गाड्यांत सीटच्या मेमरीतल्या जुन्या बैठका पुसल्या जातात, आणि एक नंबरचं बटण कुणाचं हे नव्याने ठरवावं लागतं. देवासला हा पेच नवा नाही. थोरल्या आणि धाकट्या पातीने एकाच गावात दोन गाद्या, दोन राजवाडे आणि दोन दरबार ठेवून तो दोनशे वर्षं निभावला. वहिनी हाच इतिहास शांतपणे सांगतात आणि सांगता सांगता एक नंबरवर स्वतःची बैठक नोंदवतात. भाऊसाहेब दोन नंबर घेतात, आणि पाहुण्यांना सांगतात की जर्मनीत मोजणी दोनापासून सुरू होते.