स्वित्झर्लंड, व्हाया तापोळा

मराठी मध्यमवर्गाच्या मनात काशी-रामेश्वराच्या जागी स्वित्झर्लंड नेमकं कधी जाऊन बसलं, याची नोंद सापडत नाही. पण बसलं खरं. ‘एकदा स्वित्झर्लंड पाहिलं की डोळे मिटायला मोकळा,’ असं म्हणणारे दोन तरी गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. कानटोपी घेऊन ठेवलेली असते, टूरवाल्यांची माहितीपत्रकं टीपॉयखाली साठलेली असतात. पैसे तेवढे नसतात. आणि पैसे जमले, की नेमकं मुलीचं बारावीचं वर्ष असतं.

अशांच्या सोयीसाठी आपल्या देशाने ‘मिनी’ काढलं.

हिमाचलातल्या खज्जियारला 1992 साली एका स्विस राजनैतिक अधिकाऱ्याने ‘मिनी स्वित्झर्लंड’ असं नाव बहाल केलं. तिथे तशी पाटी आहे आणि पाटीवर राजधानी बर्नचं अंतरही दिलंय, 6194 किलोमीटर. एवढा आकडा वाचल्यावर माणूस मुकाट्याने तिथेच घोड्यावर बसतो.

ज्यांना हिमाचलही लांब पडतं, त्यांच्यासाठी महाबळेश्वरच्या खाली तापोळा आहे. ते ‘मिनी काश्मीर’. आता नातं लावून बघा. काश्मीर हे भारताचं स्वित्झर्लंड, हे आपल्याला लहानपणापासून पाठ. म्हणजे तापोळा झाला स्वित्झर्लंडचा नातू. त्यात आणखी एक भानगड आहे. 1990च्या सुमारास काश्मिरात बंदुका वाजू लागल्या, तेव्हा हिंदी सिनेमावाल्यांनी काश्मीरला पर्याय म्हणून नायिकांना शिफॉनच्या साडीत आल्प्सच्या बर्फात उभं केलं. थोडक्यात, आपण ज्याच्यासाठी झुरतो ते स्वित्झर्लंड मुळात काश्मीरच्या जागी बदलीवर आलेलं. बदली कामगाराने नाव मात्र काढलं. इंटरलाकेनमध्ये 2016 साली यश चोप्रांचा पुतळा बसला.

तापोळ्याला ऐन मे महिन्यात एक पुणेरी कुटुंब आमच्याच बोटीत होतं. मध्यावर बोटवाल्याने इंजिन बंद केलं आणि समोरच्या करपलेल्या डोंगराकडे हात केला. “ह्ये आपलं काश्मीर.”

“आणि शिकारा?” गॉगलवाल्या वडिलांनी विचारलं.

“ही काय, बसलाय न्हवं तिच्यातच.”

ती फायबरची निळी होडी होती. बाजूला ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलेलं, तळाला पावशेर पाणी आणि त्यात कुणीतरी खाऊन टाकलेलं कणीस तरंगत होतं. आईंनी पदराने वारा घेत विचारलं, “थंडी कुठाय हो?”

“जानेवारीत या की.”

एवढं झाल्यावर फोटो निघाले आणि स्टेटसवर चढलेही.

जाता जाता सांगायला हवं, की हे निळंशार पाणी कोयना धरणाचं. साठच्या दशकात खोऱ्यातली गावं उठली तेव्हा कुठे हे काश्मीर तयार झालं. उठलेल्यांपैकी बऱ्याच घरांचा पुनर्वसनासाठी मोर्चा अजून निघतो. ‘मिनी काश्मीर’च्या पाटीवर तेवढं लिहायला जागा पुरली नसावी.

बरं, जे खरोखर जाऊन येतात त्यांची तऱ्हा और. युंगफ्राउयोखला 3454 मीटरवर आगगाडीने चढायचं (ती 1912 पासून धावतेय, वेळेवर), बर्फाला हात लावायचा, दातखीळ बसवून घ्यायची आणि म्हणायचं, “अगदी आपलं महाबळेश्वर!” एकूण काय, तापोळ्यात बसून स्वित्झर्लंड दिसतं आणि स्वित्झर्लंडात जाऊन महाबळेश्वर. तिकिटाचे पैसे कुठल्या बाजूला वाचवायचे, एवढाच प्रश्न उरतो.

काही उद्योजकांनी तो सोडवायचा प्रयत्न केला. पुण्याजवळ मोसे खोऱ्यात इटलीतल्या पोर्तोफिनोच्या धर्तीवर लवासा उभं राहिलं, तळ्याकाठी रंगीत घरांची रांगच रांग. पुढे पर्यावरण खात्याची नोटीस आली, कर्ज थकलं आणि 2018 साली प्रकरण दिवाळखोरी कायद्याखाली गेलं. आता तिथे लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला जातात. एकमेकांच्या डोळ्यांत बघतात, त्यामुळे मागच्या पोपडे आलेल्या भिंती त्यांना दिसत नाहीत.

खरं औदार्य मात्र आपल्या पुढाऱ्यांचं. नागरिकाने कशाला पायपीट करायची, ठिकाणच उचलून आणू, असा त्यांचा बाणा. 2004 साली मुंबईकरांना खुद्द पंतप्रधानांकडून आशा मिळाली, की पाच वर्षांत शहर असं पालटू की लोक शांघाय विसरतील. लोक विसरले. दुसऱ्याच वर्षी 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि शांघायच्या जागी व्हेनिस हजर झालं. अस्सल व्हेनिसवाल्यांनी 2024 साली ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांना 5 युरो शुल्क लावलं. पाणी तुंबणाऱ्या आमच्या हिंदमाता चौकाला अजून प्रवेश मोफत आहे.

या सगळ्यांत चिवट निघाला तो कोकणाचा कॅलिफोर्निया. सरकारं आली नि गेली, पक्ष फुटले, चिन्हं गोठली, कॅलिफोर्निया मात्र प्रत्येक प्रचारसभेत ताजाच. उगाच कुणी ‘झाला का?’ म्हणून नाकं मुरडू नयेत. टप्प्याटप्प्याने होतोय. कॅलिफोर्नियातले वणवे आलेले आहेत. दर उन्हाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा-काजूच्या बागा त्यात होरपळतात. कॅलिफोर्नियातलं पाण्याचं दुर्भिक्षही आलंय, तेही पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलखात, टँकरसकट. माणसांच्या बाबतीत जरा गफलत झाली. कॅलिफोर्निया इकडे येईपर्यंत कोकणातली पोरं धीर सोडून तिकडे गेली.

त्यांच्यामागोमाग हापूसही गेला. 2007 साली अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, पण विकिरण करून घ्यायच्या अटीवर. ते केंद्र होतं नाशिक जिल्ह्यात लासलगावला, मुळात कांद्यासाठी उभारलेलं. देवगडचा राजा कांद्याच्या गावी हजेरी लावून सातासमुद्रापार पोचला.

राहता राहिला रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. तेव्हा ज्यांना कॅलिफोर्निया बघायचाच आहे, त्यांनी पनवेल सोडण्यापूर्वी पाण्याच्या बाटल्या, कंबरेचा पट्टा आणि जोडून दोन दिवसांची जादा रजा घ्यावी. व्हिसा लागत नाही.